कुठली रांगोळी, सामी?

अण्णा, टाकीवर टकटक होते.

दहाच्या चहाला. तीनदा, बोटाच्या पेराने, फणस पिकलाय का ते बघावं तशी. तुम्ही गेल्याला आज अठरा दिवस झाले. त्यातले जेवढे दिवस कारखाना चालू होता, तेवढे दिवस मी ती ऐकली. शिडीवरून वाकून बघतो, तर खाली कुणी नाही. पंपवाल्याला विचारलं तर म्हणाला, "पाईप तापला की वाजतो, सार." स्टोअरमध्ये सांगितलं तर तिथे सगळे टेबलं बडवून हसले. त्यांची काय चूक? पुण्याला आमच्या आळीतला बिबट्या एका दूधवाल्याच्या सायकलवर मागे बसून मंडईपर्यंत गेला, असं ज्याने याच कारखान्यात गळ्याला हात लावून सांगितलं, त्याच्या टकटकीवर कोण विश्वास ठेवील?

तुम्ही ठेवला असता. "असेल की, सामी," मला नेहमी मारायचात त्या हाकेने म्हणाला असतात, आणि उठून टाकीला कान लावला असता.

कान लावायची सवय तुमचीच. मी पुण्याहून या रसाच्या कारखान्यात आलो तेव्हा माझ्या बॅगेत चार जाड पुस्तकं होती आणि डोक्यात आठ. येलहंक्याच्या पुढे, द्राक्षांच्या मळ्यांमध्ये ती लोखंडी टाकी उभी होती, दोन मजले उंच, आणि तिच्या पोटाला कान लावून एक धोतरवाला माणूस डोळे मिटून उभा. मला वाटलं, या गावात टाकीलाही दिवस जातात.

"हुश्श," तुम्ही म्हणालात. "मंडळी जेवताहेत."

मंडळी म्हणजे बॅक्टेरिया. तुम्ही त्यांना दुसरं नाव कधी दिलं नाही. तुमच्या तोंडून मराठी ऐकून मी उडालोच. जयनगरात भाड्याची खोली घेतल्यापासून पंधरा दिवसांत मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता. "तुम्ही मराठी?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "तीनशे वर्षं इथं आहोत बगा. घरी मराठी, बाहेर कन्नड, देवापुढं संस्कृत आणि बायकोपुढं गप्प. बसा की. चहा घ्या स्वल्प."

त्याच रविवारी तुम्ही मला घरी नेलंत, जुन्या येलहंक्यात. सगळे तुम्हाला अण्णा म्हणत म्हणून मी अण्णा म्हणू लागलो, आणि शेजारपाजारचे तुमच्या बायकोला अक्का म्हणत म्हणून मी अक्का. तुमच्या घरात हसून हसून पुरेवाट झाली. अण्णा म्हणजे मोठा भाऊ, अक्का म्हणजे मोठी बहीण, आणि या पुणेकराने नवराबायकोला भाऊबहीण करून टाकलं! अक्का म्हणाल्या, "असू दे. मी बहीण, हे मेहुणे." तेव्हापासून तुमची पद्मा मला मामा म्हणते. तेव्हा ती दोन वेण्यांची होती आणि मला पाढे विचारून घाबरवत असे.

आपल्या कामाचं सांगायचं तर ते काम म्हणजे धीर धरणं. आंब्याच्या हंगामात कारखान्यातून धुण्याचं जे पाणी यायचं ते इतकं गोड, की कोलारच्या मधमाश्या भाड्याने रिक्षा करून यायच्या. ते तसंच सोडलं की मागच्या तळ्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे. म्हणून ही टाकी. घाण पाणी खालून आत शिरतं, वर चढतं, आणि चढताना आतली मंडळी त्यातली साखर खाऊन गॅस सोडतात. अडचण एवढीच की मंडळी सुटी सुटी असली तर पाण्याबरोबर तीही वर चढतात आणि नाल्यातून वाहून जातात. त्यांनी गोळा होऊन, मोहरीएवढी कणी बांधून, जड होऊन तळाला बसलं पाहिजे. आणि कणी बांधायला त्यांना आधी धरायला काहीतरी द्यावं, असं माझी पुस्तकं म्हणत होती. कोळशाची पूड, दगडाची भुकटी, काहीही बारीक आणि जड.

कोळशाची खास पूड मुंबईहून यायची होती. मी एसटीडी बूथवर उभा राहून इतक्यांदा फोन लावला, की बूथवाला मला बघून आपणहून खुर्ची पुढे करू लागला. पूड आली नाही. आंबा मात्र आला. आणि मला युक्ती सुचली. पुण्यात हातगाडीवर पांढरी रांगोळी मिळते, ती म्हणजे दळलेला दगड. बारीक, जड, पाण्यात जशीच्या तशी राहणारी. मी चिठ्ठी लिहिली. मराठीत, कारण आपल्या चिठ्ठ्या मराठीतच असायच्या. अख्ख्या कारखान्यात ती भाषा आपल्या दोघांनाच वाचता येई, याची केवढी मजा वाटायची आपल्याला! "अण्णा, रांगोळी पाहिजे. अगदी बारीक. दोन पोती. परवा टाकू."

यापुढचं मी सहा वर्षं सांगत आलो. कारखान्याच्या पूजेला, कुणाच्या निरोपाला, पद्माच्या बारावीच्या पेढ्यांना. ती गोष्ट अशी: मी लिहिलं रांगोळी. अण्णांच्या घरी रांगोळी म्हणजे तांदळाचं पीठ, कारण अक्कांचं म्हणणं, दारातली रांगोळी मुंग्यांनी, चिमण्यांनी खाल्ली पाहिजे, दगड काय खातील? झालं. अण्णांनी दोन पोती तांदूळ गिरणीतून काढला आणि टाकीत ओतला. तिसऱ्या दिवशी टाकी आंबली. दोशाच्या पिठाचा वास येलहंका स्टेशनपर्यंत गेला, आणि एका मालगाडीच्या ड्रायव्हरने इडलीच्या आशेने गाडी थांबवली.

थांबवली नव्हती. सिग्नल होता. बाकी सगळं बरोबर आहे, आणि तरीही त्यातलं काहीच खरं नाही.

तुम्ही विचारलं होतं, अण्णा. मद्रासहून पाहुणे आले होते, दोघे, सफारी सूटवाले, आणि माझा बिबट्या नुकता सायकलवर बसला होता. तुम्ही चिठ्ठी घेऊन टाकीच्या सावलीत आलात. मी बोलत होतो म्हणून थांबलात. मग हळूच म्हणालात, "कुठली रांगोळी, सामी? घरची का दुकानातली?"

आणि मी तुमच्याकडे न बघता हात उडवला. "घरचीच हो! घरचीच बरी!" पाहुणे हसले. कशाला हसले कोण जाणे. बिबट्या पुढे गेला.

ओतायच्या दिवशी मीही होतो. पांढऱ्या पाण्याच्या दोन बादल्या मी स्वतः आत टाकल्या. बोटांना लागलं ते मऊ होतं, चिकट होतं. दगड असा लागत नाही. मी हात धोतराला पुसले, तुमच्या, गंमत म्हणून, आणि तुम्ही ओरडलात, "अहो, परवाच धुतलंय!"

पीठ म्हणजे मंडळींना लग्नाची पंगत. त्यांच्यात दोन जाती असतात. एक जात भराभर खाऊन आंबट करते, दुसरी जात ते आंबट सावकाश खाऊन गॅस सोडते. पहिली जात पिठावर तुटून पडली, आणि त्या आंबटात दुसरी मरायला लागली. गॅस बंद. टाकी गप्प. तुम्ही कान लावलात आणि तुमचा चेहरा उतरला. मी त्या वेळी काय केलं ते मला आठवत नाही. तुम्ही काय केलंत ते आठवतं. पाणी बंद करायला लावलंत, चुन्याची निवळी केलीत, बाजारातला खाण्याचा सोडा पिशव्या भरभरून आणलात, आणि थोडं थोडं, तान्ह्या मुलाला चमच्याने द्यावं तसं आठवडाभर देत राहिलात. माझा लिटमसचा कागद रंग बदलून जे सांगायचा ते तुम्ही नाकाने आधी सांगायचात. "आज स्वल्प बरं आहे. ताकासारखं. काल लोणच्यासारखं होतं."

मोठ्या साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं. "पीठ टाकायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "मी रांगोळी लिहिलं होतं, सर. ही चिठ्ठी."

आजवर मी हत्ती उडवलेत, विहिरीतून मोटार काढलीय. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तेच, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तुम्ही माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. मी मनातल्या मनात पळायची तयारी केली. तुम्ही साहेबांकडे वळलात आणि म्हणालात, "तप्पायतु, सार. चूक झाली. समजण्यात माझी चूक झाली."

तुम्हाला बॉयलरवर धाडलं. मी अहवालात लिहिलं, 'कामगाराच्या गैरसमजामुळे.' बाहेर आल्यावर मी तुमचा हात धरला आणि म्हणालो, "महिन्याभरात परत आणतो तुम्हाला, अण्णा." तुम्ही म्हणालात, "सरी, सरी. घाई नाही." सहा वर्षं तुम्ही कोळशाच्या धगीत उभे राहिलात, आणि दहाच्या चहाला, पाच मिनिटांत जाऊन येण्यासारखं म्हणून, टाकीपर्यंत चालत यायचात. टकटक करायचात. कान लावायचात. जायचात.

कण्या झाल्या, तुम्ही बॉयलरवर गेल्यावर. टाकी सावरली, मी दुकानातली दगडाची रांगोळी टाकली, आणि पाऊस सरता सरता तळातून काढलेल्या पाण्यात काळे मणी आले. मी बरणी घेऊन बॉयलरकडे धावलो. तुम्ही काळे हात आधी धुतलेत, मग तळव्यावर घेतलंत. राळ्याच्या दाण्यांएवढे, चकचकीत, आणि बोटाखाली दाबलं तर टणक. तुमचे डोळे भरले. तुम्ही ते धगीवर ढकललंत.

"दगड कुठंय ह्यात?" तुम्ही विचारलंत.

"आत! मधोमध! त्याला धरूनच तर बसलेत!"

"दाखवा."

मी ब्लेडने एक चिरला. भिंगाखाली मध्ये पांढरा ठिपका. मी नाचलो. दुसरा चिरला, ठिपका नाही. तिसऱ्यात नाही. तुम्ही म्हणालात, "मधात काही नाही, सामी. ती मंडळी मधे उपाशी राहिली ना, तेव्हा जी तगली ती एकमेकांना धरून तगली. दगड तुम्ही मागून टाकलात."

हा वाद आपण किती घातला! मी म्हणायचो, धरायला काही नसेल तर कणी होतच नाही. तुम्ही म्हणायचात, दगड असलेला बरा, पण दगड असून उपयोग काय, धरायची गरज वाटायला पाहिजे. मी पुस्तकं आणायचो, तुम्ही कान पुढे करायचात. लोक लांबून माझी रांगोळीवाली टाकी बघायला येऊ लागले, मी त्यांना चहा पाजून दगडाची महती सांगायचो, आणि तुमचं म्हणणं त्यात कधी आलं नाही. पण आपल्या वादात एक जागा होती. ती उपाशी का राहिली? कारण पाणी बंद केलं. का बंद केलं? कारण टाकी आंबली. का आंबली? तिथे पोचलो की तुम्ही फावडं उचलायचात आणि मला एकदम काम आठवायचं. सहा वर्षांत आपण ती पायरी उतरलो नाही.

आणि मी ती गोष्ट सांगायचो तेव्हा तुम्ही समोर बसून हसायचात. सगळ्यात मोठ्याने. "दोन नव्हे, तीन पोती!" म्हणून भर घालायचात. फक्त 'मी लिहिलं रांगोळी' हे वाक्य आलं की तुमची नजर माझ्यावर यायची आणि पुढचं वाक्य येईपर्यंत राहायची. रागाची नव्हती. रागाची असती तर मला झोप लागली असती. आता तुम्ही नाही आहात आणि ती नजर मात्र आहे. बसमध्ये पुढच्या सीटवरून ती मागे वळते. मी आरशात दाढी करताना ती माझ्या खांद्यावरून बघते. हे मी कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, बिबट्या कुठे बसला होता तेही सांगा.

तेराव्याला तुमच्या घरी आलो. दारातली जागा धुतलेली होती, कोरी. माणूस गेल्यावर रांगोळी घालत नाहीत, हे मला माहीत आहे. तरी पाय तिथे अडला.

जेवणं झाल्यावर मोठे साहेब ओसरीवर बसले होते. अक्कांनी त्यांना हात जोडून सांगितलं, पद्मा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालीय, कारखान्याच्या लॅबमध्ये घ्या. साहेब माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "घेतो ना, पॅकिंगमध्ये घेतो. लॅब नको हो. अण्णांची मुलगी. पीठ रक्तात असलं तर?" आणि हसले. चारजण हसले. पद्मा पानं उचलत होती, ती तशीच वाकलेली राहिली. मग कुणीतरी मला म्हणालं, "तुम्ही सांगा हो ती गोष्ट. अण्णांना आवडायची."

मी सुरू केली. सवयीने हातवारेसुद्धा केले. मी लिहिलं रांगोळी, असं म्हणालो आणि समोर तुमची जागा रिकामी होती. मी थांबलो. मग सांगितलं. तुम्ही काय विचारलंत, मी काय म्हणालो, बादल्या कुणी ओतल्या, साहेबांच्या खोलीत मी काय गिळलं. ड्रायव्हर नाही, इडली नाही. तिथे नुसती तीन मिनिटं लागली, अण्णा. ती गोष्ट तीन मिनिटांची आहे.

मग साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वा! मुलीच्या नोकरीसाठी काय रचलंत! मन मोठं आहे तुमचं." आणि सगळे पुन्हा हसले, या खेपेला मायेने. एक म्हातारे डोळे पुसून म्हणाले, "मित्र असावा तर असा."

मी म्हणालो, "अहो, खरं आहे हे."

"खरंच," साहेब म्हणाले. "तुमचं सगळं खरंच असतं."

पद्मा पानांची चळत घेऊन माझ्यापुढे आली. "मामा, आज तरी नको. बाबांनी मला स्वतः सांगितलंय, चूक त्यांची होती. माझे बाबा खोटं बोलत नव्हते."

घरीसुद्धा, अण्णा? तिलासुद्धा? तिथे तर मी नव्हतो, साहेब नव्हते. आयुष्यात एकदाच खोटं बोललात आणि ते असं पक्कं बसवलंत की माझ्या हातून आता निघत नाही. माझ्यासाठी बोललात? की सगळ्यांत बडबड्या माणसाची लाज राखायची म्हणून? की मी एक दिवस आपणहून बोलेन अशी वाट बघत होतात, सहा वर्षं, रोज दहाला, पाच मिनिटं? शेवटचं असेल तर मला सांगू नका. तेवढं मला झेपणार नाही.

सोमवारी पद्मा पॅकिंगमध्ये रुजू झाली. निळा कोट तिला खांद्यावर मोठा होतो. आज चहाच्या सुट्टीत ती टाकीकडे आली. मी शिडीवर होतो. ती खाली उभी राहिली. मी उतरून तिच्यासमोर गप्प उभा राहिलो. माझं गप्प राहणं तिने कधी बघितलं नव्हतं. तिला त्याची भीती वाटली असावी.

"मामा," ती म्हणाली, "आईला विचारलं मी. ती म्हणते, गिरणीत जायच्या आधी बाबा घरी म्हणाले होते, मी सामीला विचारून आलोय, घरचीच पाहिजे म्हणाले." तिने कोटाची लांब बाही वर सारली. "मग ते मला तसं का म्हणाले?"

"मला माहीत नाही, पद्मा."

"तुम्ही ओसरीवर बोललात ते खरं होतं?"

"हो," मी म्हणालो. पुढे जोडायला माझ्याकडे शंभर वाक्यं होती. सगळी जिभेवर आली.

तिने हात वर केला. "बोलू नका, मामा. लिहून द्या."

टाकीपाशी जे टेबल आहे त्यावर बसून मी लिहिलं, साहेबांना वाचता यावं म्हणून इंग्रजीत. काय विचारलं गेलं, काय उत्तर दिलं, कुणी ओतलं, आणि अहवालात जे लिहिलंय ते चूक आहे. खाली सही. साहेब हे वाचून माझं काय करतील, बॉयलरवर पाठवतील की पुण्याला, ते मला ठाऊक नाही. पद्माने कागद उभ्यानेच दोनदा वाचला, घडी केली, आणि कोटाच्या खिशात न ठेवता हातात धरून साहेबांच्या खोलीकडे चालत गेली.

तो कागद चार ओळींचा आहे, अण्णा. त्यात मावलं नाही ते हे सगळं तुम्हाला.